सुगडांवर वारली चित्रं

मैत्रिणींनो, संक्रांत झाली की वाणात आलेली सुगडं एक तर माळ्यावर चढतात, नाहीतर कपचे उडून केरात जातात. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत जपून तरी किती ठेवणार! यंदा त्यांतली दोन-तीन बाजूला काढा. त्यांवर वारली चित्रं काढू या.

सुगड ओल्या फडक्यानं पुसून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. गेरू भिजवून त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला आणि सुगडाला दोन हात द्या. तांदूळ रात्री भिजत घालून सकाळी गंधासारखे वाटा. त्यातही डिंकाचं पाणी हवंच, नाहीतर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. कुंचला विकत आणू नका, बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की झाला! टोकाला टोक लावून दोन त्रिकोण म्हणजे अंग, वर गोल डोकं, हातापायांना रेघा. मुलंसुद्धा पटकन शिकतात. एक मात्र सांगते, तांदळाचा रंग ओला हात लागला की पुसतो. भांडं रोज हाताळायचं असेल तर अ‍ॅक्रिलिकचा पांढरा रंग घ्या.

ही कला काही लांबची नव्हे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. तिथं वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवाशिणी भिंतीवर चौक काढतात. मधोमध पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे चित्रं मूळची बायकांची! १९७०नंतर कागद आला, बाजार आला, तेव्हा पुरुषही काढू लागले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांतले सर्वांत नावाजलेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. त्यांचं कौतुक आहेच. पण पिढ्यान् पिढ्या भिंती रंगवणाऱ्या त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव तुम्हांआम्हांला ठाऊक आहे का?

म्हणून माझं ऐका, सुगडावर चौक आणि पालघाट काढू नका. आपल्या देव्हाऱ्यातली देवी आपण पेन्सिली ठेवायच्या भांड्यावर काढू का? तारपानाच, झाडं, मोर, भात कांडणाऱ्या बाया, काढायला पुष्कळ आहे.

आणि हौसेच्या भरात पाण्याचा माठ रंगवायला घेऊ नका हं. छिद्रं बुजली की माठ पाझरत नाही, आणि पाझरला नाही तर पाणी गार होत नाही.