दुसऱ्याच्या युद्धांतील पाहुणा

इंग्रज व शीख यांच्या पहिल्या युद्धाचा धडा आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविला. मुदकी, फिरोजशहा, सोबरांव हीं नांवें मुलें घोकीत आणि परीक्षा संपतांच विसरत. त्या रणांगणावर प्रशियाच्या राजघराण्यांतील एक तरुण हजर होता, हें मात्र आम्हांस पेन्शन घेऊन निवांत वाचूं लागल्यावर कळलें. आमच्या वाचकांपैकींहि पुष्कळांस तें ठाऊक नसेल, म्हणून आज त्याचीच हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

त्याचें नांव वाल्डेमार. जन्म बर्लिन येथें, 2 ऑगस्ट 1817 रोजीं. बाप विल्हेल्म हा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याचा धाकटा भाऊ; 1815 सालीं नेपोलियनवरील अखेरच्या मोहिमेंत त्यानें प्रशियन घोडदळाचें नेतृत्व केलें होतें. या घराण्यांत दहाव्या वर्षीं मुलाच्या अंगावर लेफ्टनंटाचा पोशाख चढे. आपल्याकडे मौंजीबंधन, तसाच तो एक संस्कार म्हणावयाचा! थोरला भाऊ आडालबर्ट समुद्राकडे वळला व त्यानें पुढें प्रशियाचें आरमार उभें केलें. वाल्डेमारनें घोडदळांतील नोकरी हाच आपला धंदा मानिला. पण 1815 नंतर प्रशियास मोठें युद्ध असें घडलेंच नव्हतें. व्याकरण मुखोद्गत, पण संभाषणाचा प्रसंग कधीं आला नाहीं, अशी या सैनिकाची अवस्था होती.

1844 सालीं 'काउंट राव्हेन्सबर्ग' असें नांव धारण करून तो हिंदुस्थानच्या प्रवासास निघाला. बरोबर ओरिओला व ग्रोबेन हे दोन सरदार आणि वेर्नर हॉफमाइस्टर नांवाचा डॉक्टर. सिलोन, कलकत्ता, पाटणा, नेपाळ असें करीत ही मंडळी हिमालयांतून थेट तिबेटच्या सरहद्दीला भिडली. राजपुत्र चित्रें काढी. डॉक्टर वनस्पति गोळा करी आणि घरीं भावाबहिणींस लांबलचक पत्रें लिही.

कौरवपांडवांचें युद्ध जुंपलें तेव्हां बलराम तीर्थयात्रेस निघून गेला. येथें उलटें झालें. यात्रेकरू हिमालयांतून उतरला तो युद्धांत शिरला. डिसेंबर 1845 मध्यें शिखांची फौज सतलज उतरून आली. गव्हर्नर-जनरल हार्डिंज व सरसेनापति गफ यांच्या छावणींत राजपुत्र दाखल झाला. 18 तारखेस मुदकी झाली. 21 तारखेस फिरोजशहा येथें शिखांच्या तोफा अशा कांहीं चालल्या कीं, दोन दिवसांत इंग्रजांकडील सुमारें 700 माणसें ठार व 1,700 हून अधिक जखमी झालीं. त्या पहिल्याच दिवशीं राजपुत्राच्या शेजारीं घोड्यावर असलेला हॉफमाइस्टर छर्रा लागून पडला. राजपुत्रानें घोड्यावरून उडी टाकून त्यास उचललें, पण कांहीं उपयोग झाला नाहीं. डॉक्टरचें वय 26 होतें.

रात्रीं इंग्रजांची फौज उघड्यावर, गारठ्यांत पडून होती. उद्यां काय होईल याची शाश्वती उरली नव्हती. हार्डिंजनें, वेलिंग्टनकडून आपणांस मिळालेली नेपोलियनची तरवार सुरक्षित जागीं धाडून दिली, आणि प्रशियन पाहुण्यासहि रणांगण सोडण्यास सांगितलें. राजपुत्र नाखुशीनेंच गेला. हार्डिंजचा डावा हात 1815 सालीं लिग्नीच्या लढाईंत, प्रशियन फौजेबरोबर असतांनाच गेला होता, आणि त्याच मोहिमेंत या तरुणाचा बाप लढला होता! जुन्या सोबत्याच्या मुलाचें प्रेत बर्लिनला धाडण्याचा प्रसंग त्यास नको असावा, असें आम्हांस वाटतें.

तरीहि 10 फेब्रुवारी 1846 च्या सोबरांवच्या लढाईस राजपुत्र पुन्हां हजर होताच. त्याच्या धैर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण ज्या शिखांनीं प्रशियाचें कांहींच वांकडें केलें नव्हतें त्यांच्याशीं याचें भांडण तें कसलें? धंद्याची भूक म्हणून हें एक वेळ समजतां येतें. डॉक्टरास मात्र ती भूकहि नव्हती. धनी जेथें गेला तेथें तो गेला, इतकेंच.

मायदेशीं परतल्यावर वाल्डेमार मेजर-जनरल झाला व म्युन्स्टर येथें घोडदळाच्या ब्रिगेडचा मुख्य म्हणून राहिला. 1848 सालीं जर्मनीभर क्रांतीचा वणवा पेटला, आणि ज्यासाठीं लहानपणापासून तयारी केली तो स्वदेशींचा प्रसंग जवळ आला असें वाटतें न वाटतें तोंच, 17 फेब्रुवारी 1849 रोजीं, वयाच्या 31 व्या वर्षीं, आजारानें त्याचा अंत झाला. लग्न केलें नव्हतें.

हॉफमाइस्टरचीं पत्रें त्याच्या भावानें 1847 सालींच छापिलीं. राजपुत्राच्या चित्रांचा ग्रंथ 1853 सालीं निघाला. त्यास थोर शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांची प्रस्तावना आहे. डॉक्टरनें हिमालयांत खुडून वाळविलेल्या वनस्पतींचें वर्णन बर्लिनच्या पंडितांनीं प्रसिद्ध केलें तें 1862 सालीं. तोंवर खुडणारास जाऊन सोळा वर्षें उलटलीं होतीं.