अजिंठा पाहिला, की बाजार?

जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटरवर आहे. मागच्या हिवाळ्यात आमची सहल तेथे गेली. लेण्यांच्या चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरजवळ, आपली गाडी सोडावी लागते. धुराने चित्रे खराब होऊ नयेत म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण पुढची बस गाठायची तर दुकानांच्या रांगांतून जावे लागते. आम्ही उतरताच विक्रेत्यांनी मुलांना गराडा घातला. एकाने एका मुलाच्या हातावर चकाकणारा दगड ठेवला. "फुकट घे, फक्त माझ्या दुकानात ये!" मग काय, सगळीच मुले गेली. तासभर तेथेच मोडला. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर मात्र आम्ही जेमतेम पाच मिनिटे उभे राहिलो.

हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी या चित्रांवर चार खंडांचा ग्रंथ केला. ते खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. पंचवीस वर्षे! आणि आमची पाच मिनिटे.

विक्रेत्यांवर माझा राग नाही. त्यांची चूल त्यावरच पेटते. पण ही दुकाने फक्त परतीच्या वाटेवर ठेवली असती, तर काय बिघडले असते? सहलीनंतर मी वर्गात अजिंठ्याचे चित्र काढायला सांगितले. कित्येकांनी दगडच काढले.

पुढच्या सहलीत आपण आधी लेणी पाहू. दगड नंतर.