बिल वाढले, दोष कोणाचा?

उन्हाळ्यात विजेचे बिल हाती आले की घरोघरी वाद सुरू होतो. दोष मुलांचा, यंत्राचा की हवेचा? शाळेत आम्ही मुलांना सांगतो, आधी मोजा, मग बोला. हाच नियम घरालाही लावावा असे आम्हांस वाटते.

या बाबतीत संयुक्त अरब अमिरातीकडे पाहावे. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी इंधन जळते. दुबईत घर गार ठेवण्यासाठी वीज जळते. हिशोबाची रीत मात्र एकच. दुबईत दिवसाच्या सरासरी तापमानातून एक ठरावीक आकडा, समजा १८ अंश, वजा करावा. जानेवारीत सरासरी सुमारे २० अंश असते, म्हणजे उरले २. ऑगस्टमध्ये ती सुमारे ३६ अंश, म्हणजे उरले १८. या उरलेल्या आकड्यांच्या महिन्याभराच्या बेरजेला 'अंश-दिवस' म्हणतात. ती नऊपट झाली तरी बिल नऊपट होत नाही, कारण दिवे, लिफ्ट व फ्रीज बाराही महिने चालतात.

आता दोन वर्षांचे ऑगस्ट महिने शेजारी ठेवावेत. पैसे नव्हे, युनिट पाहावेत, कारण दर बदलतात. अंश-दिवस तेवढेच असून युनिट वाढले, तर दोष बहुधा हवेचा नव्हे. खिडकीची फट, यंत्राची मळलेली जाळी किंवा आपली सवय तपासावी. अंश-दिवस वाढले असतील, तर मुलांना उगाच बोल लावू नये. मात्र समुद्राकाठचा दमटपणा या हिशोबात येत नाही. हवेतील पाणी काढण्यासही वीज लागते.

वीज नव्हती तेव्हा दुबईच्या बस्तकिया वस्तीत लोकांनी घरांवर वाऱ्याचे मनोरे बांधले, भिंती जाड केल्या, गल्ल्या अरुंद ठेवल्या. हवा बदलता येत नाही, घर बदलता येते, हे ते जाणत होते.

आपल्या बेटावर १९६० च्या कॅरोल वादळानंतर सिमेंटची घरे वाढली. ती वादळात टिकतात, पण छत दिवसभर तापते. आपली बरीचशी वीज बाहेरून आणलेल्या तेलावर व कोळशावर होते. म्हणून नवे एअरकंडिशन घेण्याआधी छताला पांढरा रंग द्यावा, खिडकीवर सावली करावी. पोर्ट लुईसच्या घराची तुलना गार क्यूरपीपशी करू नये. आणि मुलांच्या हाती एक वही द्यावी: रोजचे तापमान, रोजचे मीटर. वाद आपोआप मिटेल, गणितही पक्के होईल.