दुसऱ्या गोळीचा हिशेब

रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून उठणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम आणि उडालेली झोप यांवर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांची चर्चा निघाली, की ती बहुधा कर्करोगाच्या भीतीपाशी येऊन थांबते. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. तथापि ती नेमकी कोणत्या औषधाविषयी बाळगावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या उपचारात सामान्यतः दोन द्रव्ये असतात. त्रास शमवते ते मुख्यतः इस्ट्रोजेन. परंतु ते एकटेच दिल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते. या अस्तराच्या कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिला आणि अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टोजेन जोडीला देण्याची पद्धत रूढ झाली. गर्भाशय काढलेल्या स्त्रीला सहसा त्याची गरज नसते.

जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीचा संयुक्त औषधांचा भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. स्तनाचा कर्करोग शेकडा २६ ने वाढल्याचे वृत्त जगभर पसरले आणि असंख्य स्त्रियांनी उपचार सोडून दिले. हीच वाढ दुसऱ्या रीतीने मांडली असता दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ रुग्ण अशी होती. दोन्ही आकडे खरे. परंतु पहिल्याने घबराट होते, दुसऱ्याने विचार करता येतो. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांना दिलेले प्रोजेस्टोजेन एकच, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट, होते. गर्भाशय काढलेल्या व केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत २००४ पर्यंत अशी वाढ आढळली नाही.

वस्तुतः पर्याय अनेक आहेत. सूक्ष्म कणांच्या रूपातील प्रोजेस्टेरॉन हे शरीरातील संप्रेरकाहून भिन्न नाही. त्याने गुंगी येत असल्याने ते रात्री घ्यावयाचे असते. डायड्रोजेस्टेरॉनची रचना त्याच्या जवळची. तांबीसारखे गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉर्जेस्ट्रेलचे साधन मुख्यतः जागच्या जागी कार्य करते. फ्रान्समधील स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत पहिल्या दोहोंसोबत स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर कृत्रिम प्रोजेस्टोजेनांहून कमी आढळला. ही पाहणी होती, चाचणी नव्हे. म्हणून हा निष्कर्ष अखेरचा मानता येत नाही. परंतु तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

खरा धोका अन्यत्र आहे. प्रोजेस्टोजेनमुळे काहींना मरगळ येते, छाती दुखते, मन उदास होते. अशी स्त्री कंटाळून ही दुसरी गोळी बंद करते आणि आराम देणारी पहिली मात्र चालू ठेवते. म्हणजे ज्या कर्करोगापासून संरक्षण हवे, त्यालाच वाट मोकळी होते. अशा वेळी गोळी बंद करणे हा उपाय नव्हे. वैद्यकीय सल्ल्याने ती बदलणे हा होय.

माहितीवाचून केलेली निवड ही निवडच नव्हे, हे बाजाराइतकेच दवाखान्यालाही लागू आहे. दुसरी गोळी कोणती, ती का, महिन्यातून किती दिवस आणि न सोसल्यास पुढे काय, हे चार प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे. त्यांची उत्तरे देण्यास वैद्याची पाच मिनिटे खर्ची पडतील. ती वाचविण्याची किंमत मात्र स्त्रीला मोजावी लागते.