छळाची पुण्याई आणि कथांची परीक्षा

कांहीं पुस्तकांचें दैवच विलक्षण असतें. त्यांवर तुटून पडणारे तीं वाचीत नाहींत आणि त्यांची तरफदारी करणारेहि वाचीत नाहींत! हांसदा सौभेंद्र शेखर या संथाळ लेखकाचा ‘दि आदिवासी विल नॉट डान्स’ हा दहा इंग्रजी कथांचा संग्रह २०१५ सालीं निघाला. ऑगस्ट २०१७ मध्यें झारखंड सरकारनें त्यावर बंदी घातली आणि सरकारी नोकरींत डॉक्टर असलेल्या लेखकास निलंबित केलें. एका कथेंत संथाळ स्त्रीची विटंबना झाली आहे, असा आरोप होता. डिसेंबरांत बंदी उठली. पुढें निलंबनहि गेलें. परंतु या छळानें संग्रहाला जें अभय मिळवून दिलें, तें आम्हांस बंदीइतकेंच घातक वाटतें. लेखक छळला गेला, एवढ्यावरून त्याच्या दहाहि कथा सारख्याच थोर कशा ठरतात?

तशा त्या नाहींत. ‘मियरली अ होअर’ ही कथा घ्या. गिऱ्हाइकावर जीव जडलेली आणि अखेर झिडकारली गेलेली वेश्या वाचकांच्या इतकी ओळखीची आहे कीं, पहिल्या पानावरच शेवट दिसूं लागतो. तेथील उघडीं वर्णनें धीट खरीं, पण त्यांनीं त्या स्त्रीविषयीं नवें असें कांहींच कळत नाहीं.

आतां जिच्यावर गहजब झाला ती कथा पहा. मजुरीसाठीं बंगालच्या भातशेतांकडे निघालेली वीस वर्षांची तालामाई रेल्वेच्या एका पोलिसाला शरीर देते. बदल्यांत तिला पन्नास रुपये आणि दोन गार ब्रेड-पकोडे मिळतात. लेखक अश्रु ढाळीत नाहीं, उपदेश करीत नाहीं. व्यवहार तेवढा मांडतो. ज्यांना तो व्यवहार अश्लील वाटला, त्यांना त्यामागची भूक अश्लील कां वाटूं नये? संग्रहाला नांव देणाऱ्या कथेंत म्हातारा मंगल मुर्मू राष्ट्रपतींसमोर नाचण्यास नकार देतो. कोळशाच्या खाणींनीं गांवें गिळल्याची त्याची कैफियत मधूनमधून भाषणाच्या वळणावर जाते. तरी बोलणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. अशा कथांना दुबळ्या कथांच्या पंक्तीला बसवून एकच जयजयकार करणें, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कोणी म्हणेल, दुर्बल समाजांतून आलेल्या लेखकाशीं इतकें काटेकोर कां वागावें? आमच्या मतें सवलतीचे गुण देणें हाहि तुच्छतेचाच एक सभ्य प्रकार होय. ज्याला आपण बरोबरीचा मानतों, त्याच्याच लिखाणांतील उणें आपण तोंडावर सांगतों. सुजाण कुटुंबांनीं हें पुस्तक घरीं आणावें, जाणत्या मुलामुलींच्या हातीं निःशंकपणें द्यावें, आणि जी कथा फसली आहे ती फसली आहे असें तितक्याच निःशंकपणें म्हणावें.