शर्यतीतले इथेनॉल आणि कुंभकोणमचा ऊस

कुंभकोणम : नव्या इंधनाविषयीची शंका दूर करण्यासाठी शर्यतीचा आधार घेण्याचा प्रयोग अमेरिकेने केला. 2007 मध्ये तेथील इंडीकार मालिका संपूर्ण इथेनॉलवर धावली. 2011 पासून नॅसकारच्या गाड्यांत 15 टक्के इथेनॉलमिश्रित इंधन आले. त्याच्या प्रायोजकत्वात मका उत्पादकांची राष्ट्रीय संघटनाही सहभागी होती.

भारताने पेट्रोलमधील 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले. त्यानंतर मायलेज आणि इंजिनाच्या आयुष्याविषयी वाहनधारकांनी प्रश्न उपस्थित केले. त्यामुळे हा मार्ग येथेही आकर्षक वाटू शकतो. 2023 च्या मोटोजीपी शर्यतीला इंडियन ऑइलचे नाव होतेच.

मात्र अमेरिकेतील उत्पादकांनी वाढत्या मागणीचा लाभ आपल्याला मिळेल, या भरवशावर पैसा लावला. कुंभकोणमजवळील तिरुमंडनगुडीत हाच भरवसा तुटला आहे. तेथील थिरु आरूरन साखर कारखाना दिवाळखोरी प्रक्रियेतून मद्यनिर्मिती क्षेत्रातील कंपनीकडे गेला. थकीत ऊसबिले मिळावीत आणि आपल्या नावावर परस्पर काढलेल्या बँक कर्जांतून मुक्तता व्हावी, या मागण्यांसाठी शेतकऱ्यांनी 2022 च्या अखेरीस आंदोलन सुरू केले. कर्जांविषयीचा आरोप शेतकऱ्यांचा आहे.

ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत बिल मिळणे बंधनकारक आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांकडे लवकर पैसा येऊन थकबाकी फिटेल, हे या धोरणाचे एक प्रमुख समर्थन होते. शर्यत ग्राहकाचा विश्वास मिळवू शकेल. उत्पादकाचा विश्वास मात्र वेळेवर मिळालेल्या बिलानेच परत येईल.