पोट साफ झालं का?

मंडळी, मराठी घरात सकाळी हमखास विचारला जाणारा प्रश्न कोणता? "पोट साफ झालं का?" आजोबा नातवाला विचारतात, आई परदेशातल्या लेकीला फोनवर विचारते. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल यांवर आपण तासभर बोलू शकतो. पण एखाद्याचं पोट खरोखरच साफ होत नाही, वर्षानुवर्षं होत नाही, असं कळलं की तीच मंडळी नजर चुकवतात. माझं भांडण या चोरटेपणाशी आहे.

मी चाळिशीतली आयटी कन्सल्टंट. मास्टर्ससाठी या देशात आले आणि बॉथेलची झाले. गेली अकरा वर्षं मला पेल्विक फ्लोअर डिसफंक्शन आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. शौचाच्या वेळी हे स्नायू सैल पडायला हवेत. माझे नेमके तेव्हाच आवळतात. त्यावर नुसतं रेचक घेत राहणं म्हणजे बंद दाराशी गर्दी वाढवणं.

यावर पहिला उपाय ऑपरेशन नाही, हे स्पष्ट सांगते. आधी मॅनोमेट्री, फुगा बाहेर ढकलण्याची चाचणी, डेफेकोग्राफी अशा तपासण्या होतात. मग बायोफीडबॅक, म्हणजे पडद्यावर स्वतःच्या स्नायूंची हालचाल पाहत त्यांना सैल सोडायला शिकणं. बऱ्याच जणांना त्याने गुण येतो. मला दोन वेळा पूर्ण कोर्स करूनही आला नाही. रोज सकाळचे तीन तास बाथरूममध्ये जात. शेवटी सर्जननी तात्पुरती इलिओस्टोमी केली. लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात, आणि त्यावर पिशवी चिकटवतात. कायमचं काही करण्याआधीची ही परीक्षा होती. त्या आठ महिन्यांत मी क्लायंटकडे वेळेवर पोचू लागले, आणि मुलीला शाळेत सोडायलाही. आता ती कायमची करायची, असं मी ठरवलं आहे.

झालं! "अगं, तात्पुरती होती ना? मग घे परत जोडून." "एवढी शिकलेली तू, पिशवी लावून फिरणार?" एका मावशींनी तर हळूच विचारलं, "मग गणपतीचा नैवेद्य कोण करणार गं?"

मावशी, जे माझ्या पिशवीत असतं तेच पोटात घेऊन आपण सगळे आरतीला उभे राहतो. मी तर पिशवी रिकामी करून, हात स्वच्छ धुऊन आलेली असते. यात सोवळं मोडलं कुठे?

कायमच्या निर्णयाला किंमत आहे, हे मला कोणी सांगायला नको. स्टोमाजवळ हर्निया होऊ शकतो, त्वचा सोलवटते, शरीरातलं पाणी आणि मीठ झपाट्याने कमी होतं. म्हणून मीठ घातलेलं ताक आणि पेज आता माझी औषधंच आहेत. मक्याचे दाणे, खोबरं नीट चावलं नाही तर आतडं तुंबतं. हे सगळं सर्जनशी, स्टोमा नर्सशी आणि नवऱ्याशी बोलून मी तोललं आहे. "लोक काय म्हणतील" हे मात्र त्या तराजूत टाकायला मी तयार नाही.

ही भीती जुनीच आहे. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सेन या नर्सची बहीण स्टोमाच्या ऑपरेशननंतर गळतीच्या धास्तीने लोकांत जाईनाशी झाली. तिच्यासाठी एलिसेने १९५४ साली अंगाला चिकटणारी पिशवी सुचवली. म्हणजे माणसाला घरात कोंडणाऱ्या लाजेवर सत्तर वर्षांपूर्वी उपाय निघाला, आणि आपण अजून लाजेचीच बाजू घेतो! आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून शरीराबद्दल उघड लिहिलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आतड्याचं कार्य स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. कायदा जे नाव घेऊन सांगतो, ते आपण पॉटलकमध्ये कुजबुजतो.

कुणी म्हणेल, सणाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला? कारण ही स्मरणिका घरोघरी जाते, आणि त्यातल्या एखाद्या घरात कुणीतरी दार लावून एकटंच सोसत असेल. भारतातले आईवडील कॅन्सरनंतर पिशवी लपवत असतील, लग्नकार्यं टाळत असतील. त्यांना सांगा, इथे युनायटेड ऑस्टोमी असोसिएशन्स ऑफ अमेरिका आहे, मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिथे हाच अनुभव घेतलेली माणसं भेटतात.

आणि मंडळी, सल्ला देण्याआधी एवढंच विचारा, "तुझ्यासाठी काय करू?" कुणी पिशवी नको म्हणालं तर तोही त्याचा निर्णय, त्यालाही टोचू नका. ज्याचं पोट, त्याचा निर्णय.

यंदा गणपतीला मोदक मीच करणार आहे. ज्यांना चालतील त्यांनी जरूर या. ज्यांना चालणार नाहीत त्यांच्या वाटचे माझी मुलगी आनंदाने खाईल.